रविवारचं पथ्य

"एर्नेस्तीन, बटाटे चढव. विंच ओके आहे, ट्रॅपचं आमिष संपलं, मी वॉर्फच्या धक्क्याकडे निघालोय. ओव्हर."

हा आवाज जोस्लीनच्या कानात होता तो ती सहा वर्षांची असल्यापासून. स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी, बोटींशी बोलायचा रेडिओ ठेवलेला असे. दुपार कलली की त्यातून आधी खरखर यायची, मग वारा यायचा, आणि मग वाऱ्यात भिजलेला पपाचा आवाज. काप-पेले या कोळ्यांच्या गावाच्या किनाऱ्यावर ज्यांच्या ज्यांच्याकडे असा रेडिओ होता, म्हणजे सगळ्यांकडेच, त्या सगळ्यांना कळायचं की व्हिएनोंकडे, म्हणजे जोस्लीनच्या घरी, आता बटाटे चढणार. कधी दुसऱ्याच बोटीवरून कुणीतरी मधेच म्हणायचं, "एर्नेस्तीन, दोन एक्स्ट्रा टाक, मी पण येतो." आई लाजायची नाही. दोन एक्स्ट्रा टाकायची.

त्या बोलण्यात फ्रेंच किती आणि इंग्लिश किती, हे घरात कुणी मोजलं नव्हतं. समुद्रात मीठ किती, हे मासा कुठे विचारतो? पलीकडे माँक्टनला नदीत रोज समुद्र उलटा चढून येतो, तांबूस पाणी तांबूस पाण्यात शिरतं, आणि मग कुठलं पाणी कुणाचं हे काठावरच्या लव्हाळ्यालाही सांगता येत नाही. तशी ती बोली. बाहेरचे लोक तिला शियाक म्हणत. बोलणारे तिला काहीच म्हणत नसत, बोलत असत.

मोजणं सुरू झालं ते ऑफिसात.

जोस्लीन आता अठ्ठावीस वर्षांची होती आणि माँक्टनमधल्या एका टेलिफोन कंपनीच्या काचेच्या इमारतीत कानाला फोन लावून गिऱ्हाइकांशी बोलत बसत होती. रेल्वेचे कारखाने बंद पडल्यावर या गावानं दुसरंच पीक घ्यायला सुरुवात केली होती, आवाजाचं. दोन्ही भाषा येणारी माणसं इथे पोत्यानं मिळतात, असं कळल्यावर कंपन्या आल्या. ह्या माणसांना दोन्ही भाषा एकाच वेळी येतात, हे कंपन्यांना नंतर कळलं.

मग नियम झाले. इंग्लिश फोन आला तर इंग्लिश. फ्रेंच आला तर फ्रेंच, आणि तीही अशी की माँत्रेआलच्या माणसाला घरची वाटावी आणि पॅरिसच्या माणसाला नाव ठेवायला जागा मिळू नये. कामापुरतं प्रत्येकीला वेगळं नाव होतं. जोस्लीन तिथे क्लेर होती. शेजारच्या खुर्चीवरची रेजान एलेन होती. असं का, ते कुणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक रागावलं तर एलेनवर रागावतं, रेजानला काही लागत नाही, असा रेजानचा अर्थ.

फ्रेंच फोनमध्ये इंग्लिश शब्द निसटला की गुण कापत. जोस्लीनचे गुण मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत भरभक्कम असत आणि सोमवारी घसरत. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. रविवारी ती काप-पेलेला जायची. आई गेल्यापासून पपा एकटाच होता. त्याच्याबरोबर जेवायची, शेडमध्ये बसून लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांची जाळी विणू लागायची, कुणाची बोट विकली गेली, कुणाची सून माहेरी गेली, ते ऐकायची; आणि संध्याकाळी परत निघेपर्यंत जीभ अशी सैल व्हायची, की एका सोमवारी बिलाची तक्रार करणाऱ्या एका वकिलाला ती "डोन्ट वरी" म्हणून बसली.

म्हणून तिनं पथ्य धरलं. पोट बिघडलेलं माणूस जसं आधी तळलेलं सोडतं, मग दूध सोडतं, तसं तिनं आधी शेडमधलं बसणं सोडलं, मग जेवण, मग जाणंच. पपाला सांगितलं की गाडी चालू होत नाही. पहिल्या खेपेला अगदीच खोटं नको म्हणून ती गाडीकडे गेलीच नाही. किल्ली न फिरवता गाडी चालू होत नाही, हे खरंच होतं. जाण्याऐवजी ती फोन करू लागली, आणि फोनवरही शुद्ध फ्रेंच बोलू लागली, कारण सराव तो सराव. दोन वर्षं ती हंगामी होती. एकदा नोकरी पक्की झाली की सगळं पूर्ववत करायचं, असं तिनं ठरवलं होतं. यात पपाबद्दल काही नाही, हा नुसता गुणांचा प्रश्न आहे, असंही ठरवलं होतं.

गुण सुधारले. सोमवार मंगळवारसारखा झाला.

आता मार्च होता, किनाऱ्यालगतचा बर्फ अजून हललेला नव्हता, आणि नोकरी पक्की करायची की नाही हे ठरवायला केबेकहून शूईनारबाई आल्या होत्या. त्या दिवसभर ज्याच्या त्याच्या शेजारी बसायच्या, त्याच्याच फोनला दुसरी वायर जोडून कानाला लावायच्या आणि हातात पेन्सिल धरून ऐकायच्या. दुपारी जेवणानंतर जोस्लीनची पाळी होती.

जेवणाच्या खोलीचं दार लागलं की सगळ्यांच्या जिभा चपला काढून बसत.

"काय गं, आज तुझी टेस्ट ना?" रेजाननं डबा उघडत विचारलं.

"हो."

"मग अशी काय बसलीस, दात काढायला आल्यासारखी? हे घे, फ्रिकोचा रस्सा आहे. माझ्या आईनं केलंय, भरपूर चिकन आहे."

"नको. आत्ता नको."

"चिकननं फ्रेंच नाही बिघडत, जोस. रविवारी गेली होतीस का पपाकडे?"

"नाही. पथ्य चालू आहे."

"अजून? किती आठवडे झाले?"

जोस्लीननं पाण्याची बाटली उघडली.

"माझी आजी ईस्टरआधी चाळीस दिवस मांस सोडायची," रेजान म्हणाली, "पण ईस्टर येणार हे तिला माहीत असायचं. तुझा ईस्टर कधी?"

"आज. पास झाले तर."

"आणि फेल झालीस तर?"

"तर परत सहा महिने ट्राय करायचं."

"म्हणजे म्हातारा सहा महिने अजून वेट करणार." रेजाननं चमचा चाटला. "ठीक आहे. मला काय, तो काही माझा पपा नाही."

शूईनारबाई वेळेवर आल्या. नीट विंचरलेले केस, गळ्यात राखाडी रुमाल, चेहऱ्यावर कुणाचंच वाईट न चिंतणारी शांतता. खुर्ची ओढून त्यांनी दुसरी वायर जोडली, मांडीवर कागद घेतला आणि म्हणाल्या, "मी इथे नाही असेच समजावे." जोस्लीननं तसं समजायचा प्रयत्न केला. बाईंच्या अत्तराचा वास येत होता, त्यामुळे जमलं नाही.

पहिला फोन एका पाद्रीबुवांचा आला, दुसरा एका शाळेचा. दोन्ही सुरळीत गेले. पेन्सिल हलली नाही.

तिसऱ्या फोनला आधी कुणी बोललंच नाही. नुसता खाकरण्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. जोस्लीनला ती खुर्ची ओळखू आली. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता.

"शुभ दुपार. आपल्या सेवेत क्लेर. मी आपणांस कशा प्रकारे साहाय्य करू शकते?"

"हां, हॅलो. बाई, मला माझा फोन कट करायचाय."

पपाच होता तो. शूईनारबाईंनी पेन्सिल सरळ धरली.

"आपले नाव मला कळू शकेल काय?"

"आल्सीद. फिदेलचा आल्सीद. नाही नाही, तुमच्याकडे ते व्हिएनो असं असेल. काप-पेले."

तो चुकून उजव्या कानानं ऐकत असणार. उजवा कान बोटीच्या एंजिनानं कधीच खाल्ला होता. फोन बदलून डाव्या कानाला धरल्याचा आवाज तिला आला, आणि ती वाट पाहत राहिली, की आता तो म्हणेल, जोस, तू?

"एक विचारू का?" तो म्हणाला. "तुम्हाला सगळ्यांना एकाच साच्यातून काढतात काय हो? मघाशी दुसरी एक होती तिनं मला होल्डवर टाकलं, तिचाही अस्साच आवाज. टीव्हीवर बातम्या सांगतात तसा. माझी मुलगी पण हल्ली असंच बोलते."

शूईनारबाई किंचित हसल्या. हे कौतुक होतं.

"आपली सेवा खंडित करण्यामागचे कारण मी नोंदवू इच्छिते," जोस्लीन म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. पडद्यावर कारणं तयार होती: स्थलांतर, मृत्यू, दर, इतर.

"कारण काय लिहायचं? फोन वाजतो, हे कारण. उचलला की कुणीतरी विचारतं, कार्पेट क्लीन करायचंय का. माझ्याकडे कार्पेट नाही."

नियम असा होता की फोन तोडण्याआधी तीन सवलती सुचवायच्या. माणूस मेलेलं असलं तरी त्याच्या बायकोला सुचवायच्या. जोस्लीननं पहिली सुचवली.

"दूरध्वनी करणाऱ्या व्यक्तीचे नाव दर्शवणारे यंत्र आम्ही आपणांस तीन महिने विनामूल्य देऊ शकतो."

"म्हणजे उचलायच्या आधीच कळणार कोण आहे ते?"

"होय, महोदय."

"मग उचलायचं कशाला?"

पेन्सिलीनं कागदावर एक छोटी खूण केली. वाईट नसावी. जोस्लीन पुढे सरकली.

"परदेशी संभाषणासाठीही सध्या सवलतीचे दर उपलब्ध आहेत. उदाहरणार्थ, फ्रान्स."

"फ्रान्सला आमचं कुणी नाही," पपा विचार करून म्हणाला. "होते, पण तिथून निघाले त्याला आता साडेतीनशे वर्षं झाली. तेव्हापासून कुणी फोन केला नाही."

पलीकडच्या खुर्चीवर रेजान तिच्या गिऱ्हाइकाला इंग्लिशमधून पत्ता विचारत होती. सगळं ऑफिस एखाद्या मोहळासारखं गुणगुणत होतं. जोस्लीनला तिसरी सवलत आठवेना. तिची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत राहिली, जाळीची गाठ शोधावी तशी.

"बाई, आहात ना?"

"होय, महोदय. मी ऐकत आहे."

"तुम्ही चांगल्या दिसता. म्हणजे फोनवर. घाईत नाही आहात." खुर्ची पुन्हा लंगडली. "खरं सांगू का, कार्पेटचं एवढं काही नाही. मला एक मुलगी आहे, माँक्टनला. तुमच्यासारख्याच कुठल्यातरी ऑफिसात. रविवारी फोन करते. फार पोलाइट. 'आपली प्रकृती कशी आहे' विचारते. मी म्हणतो, ओके आहे. आणि ओके म्हटलं की मलाच कसंतरी होतं, चर्चमध्ये टोपी काढायची राहिल्यासारखं."

जोस्लीन ऐकत राहिली. नियमावलीत याला शांत श्रवण म्हणत आणि त्याचे गुण मिळत.

"मग मी पण ट्राय करतो नीट बोलायला. म्हणजे तिला बरं वाटावं. पण बोटीचं सांगायला गेलो तर नीट शब्दच नाहीत माझ्याकडे. एंजिन म्हणजे एंजिन, ट्रॅप म्हणजे ट्रॅप. त्याला पॅरिसमध्ये काय म्हणतात मला काय माहीत. म्हणून बोटीचं सांगत नाही. तिच्या आईचं सांगावं म्हटलं, तर तिच्या आईशी मी तीस वर्षं जे बोललो ते काही नीट फ्रेंच नव्हतं. ते नीट करून सांगायचं तर दुसऱ्याच कुणाच्या बायकोचं सांगितल्यासारखं होतं. मग उरतं काय? वेदर. रविवारी रविवारी मी माझ्या मुलीला वेदर सांगतो. तिच्याकडे पण तेच वेदर असतं, तीस मैलांवर तर आहे."

"हं," जोस्लीन म्हणाली. हा शब्द दोन्ही भाषांत चालतो.

"म्हणून म्हटलं, फोन काढूनच टाकावा. फोन नसला की तिला यावं लागेल. समोर बसली की इतकं काही बोलायला नाही लागत. बटाटे सोलायचे."

शूईनारबाईंनी पेन्सिलीचं टोक कागदाच्या मधल्या ओळीवर ठेवलं आणि जोस्लीनकडे पाहिलं. तिसरी सवलत, असं त्यांचे डोळे म्हणत होते. रागानं नाही. एखाद्याला बुटाची नाडी सुटल्याचं दाखवावं तसं.

"परंतु, महोदय," जोस्लीन म्हणाली, "कदाचित आपल्या कन्येस येण्यात काही अडचण असेल."

"आहे ना. गाडी. तिची गाडी चालू होत नाही. मी नवी बॅटरी आणून ठेवली शेडमध्ये. तर ती म्हणाली, बॅटरी नाही, ट्रान्समिशन. आता ट्रान्समिशन मी कुठून आणू? मग आमचा ओनेझिम, शेजारचा, तो दातवाल्याकडे गेला होता माँक्टनला. येऊन सांगतो, तुझ्या पोरीची गाडी रेड लाइटला माझ्या बाजूला होती, ग्रीन झाला तशी निघाली ती सुसाट. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल. तो म्हणतो, अरे ती हात करून गेली मला. मी म्हटलं, तुझ्या तोंडात इंजेक्शन दिलेलं होतं, तुला काय दिसणार."

तो थांबला. मग हळू आवाजात, जणू ओनेझिम दाराशी उभा आहे, म्हणाला, "ती खोटं नाही बोलत हो. फक्त तिला काम फार असतं. तुम्ही कारण काहीतरी लिहा. कार्पेट लिहा."

पडद्यावर चौकोन लुकलुकत होता. स्थलांतर, मृत्यू, दर, इतर. जोस्लीननं 'इतर'वर बोट नेलं. एक कळ दाबली की काम संपणार होतं. पपाचा फोन तुटणार होता, तिची नोकरी पक्की होणार होती, आणि पुढच्या रविवारी ती काप-पेलेला जाणार होती, ठरवल्याप्रमाणे. सगळं बसत होतं. फक्त तिथे बसून ती त्याला काय सांगणार होती? की गाडी दुरुस्त झाली?

तिनं बोट मागे घेतलं.

"पपा."

तिकडे शेगडीवरची किटली ऐकू आली.

"कोण?"

"मी, जोस. क्लेर हे इथलं नाव आहे."

शूईनारबाईंची पेन्सिल उचललेली होती ती तशीच राहिली.

"तू तिथे काय करतेस?" पपानं विचारलं.

"जॉब करते. हाच जॉब आहे माझा."

"बरं." किटली शेगडीवरून उतरली. "म्हणजे मी आत्ता जे बोललो ते..."

"ऐकलं."

"सगळं?"

"रेकॉर्ड पण झालंय, पपा."

"असं होय." खुर्ची एकदा पुढे, एकदा मागे झाली. "चांगला वाटला गं तुझा आवाज. एकदम क्लास. मला वाटलं, कुणीतरी मोठी बाई आहे." मग तो घाईघाईनं म्हणाला, "तिकडे वेदर कसं आहे?"

शूईनारबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, एकच शब्द, आणि पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. वायर मात्र कानातून काढली नाही. रेजानचा फोन संपला होता; ती मान वळवून बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती.

"वेदर राहू दे," जोस्लीन म्हणाली. "तू जरा ऐक. मधे बोलू नको."

"तू डोन्ट वरी. कट नाही करत मी फोन. ते आपलं असंच..."

"पपा, ऐक."

तो ऐकू लागला. डाव्या कानाला फोन घट्ट दाबून धरल्याचंही तिला ऐकू आलं. तिनं डोळे मिटले नाहीत. समोर पडदा होता, बाजूला बाई होत्या, खिडकीबाहेर पार्किंगमध्ये तिची गाडी उभी होती, स्वच्छ धुतलेली.

"गाडीला काही नाही झालेलं. ओनेझिमला मीच हात केला होता. तुझ्याकडे आले की मी तुझ्यासारखी बोलायला लागते, आणि मग सोमवारी इथे माझे मार्क कापतात, म्हणून मी यायचं स्टॉप केलं. टेस्ट पास झाले की येणार होते." तिचा आवाज आता कुणाच्याच साच्यातला नव्हता. "आणि मार्कांचं पण पूर्ण खरं नाही. मी स्वतःला सांगायचे की ते फक्त मार्कांसाठी आहे. तसं नव्हतं, पपा. मला तुझी लाज वाटायला लागली होती."